टीएलडी बॅजपासून फोटोडायोडपर्यंत: वाचकांचे प्रश्न

किरणोत्साराची मात्रा मोजणाऱ्या घन पदार्थांबद्दल, म्हणजे टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) बॅजसारख्या साधनांबद्दल, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: समोर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा का? यांतली बहुतेक साधनं किरणं आली एवढीच खूण आपल्यात साठवून ठेवतात. त्या खुणेचा मिलिसिव्हर्टमधला (शरीराला मिळालेल्या मात्रेचं एकक) आकडा होईपर्यंत मधे बरीच माणसं, भट्ट्या आणि गुणक येतात, आणि घोळ बहुधा तिथेच होतो. म्हणून उत्तरांत त्या मधल्या टप्प्यांवर भर दिला आहे.

प्रश्न: आमच्या एक्स-रे सेंटरमध्ये आम्ही चौघं टीएलडी बॅज वापरतो. गेल्या तिमाहीत माझ्या नावावर ३.८ मिलिसिव्हर्ट आले, बाकी तिघांना शून्य. काम सगळे सारखंच करतो. बॅज चुकतो का?
*(एक्स-रे तंत्रज्ञ, हडपसर)*

आधी मर्यादा बघू. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार किरणोत्सारी काम करणाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्टची मुभा आहे. ३.८ हा आकडा त्या दृष्टीने धोक्याचा नाही. पण साध्या एक्स-रे कामात, भिंतीआडून किंवा काचेच्या पडद्यामागून बटण दाबणाऱ्या माणसासाठी तो नक्कीच विचित्र आहे, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे.

आपल्याकडच्या बॅजमध्ये निकेलचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमचं कार्ड असतं. त्यावर साधारण १३ मिमी व्यासाच्या आणि ०.८ मिमी जाडीच्या तीन चकत्या बसवलेल्या असतात. डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटची पूड टेफ्लॉनमध्ये घोळवून त्या बनवतात. किरणं पडली की स्फटिकात मोकळे झालेले काही इलेक्ट्रॉन तिथल्या दोषांमध्ये अडकतात आणि चकती तापवेपर्यंत तिथेच राहतात. प्रयोगशाळेत कार्ड सुमारे २८५ अंशांच्या गरम नायट्रोजनच्या झोतात धरलं की ते सुटतात आणि प्रकाश देतात. त्या प्रकाशाची मोजणी म्हणजे तुमची मात्रा.

चकत्या तीन का? कॅल्शियम सल्फेट कमी ऊर्जेच्या एक्स-रेला फार जास्त प्रतिसाद देतं. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांच्या तुलनेत ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तो जवळपास दहापट होतो. म्हणून होल्डरमध्ये पहिल्या चकतीच्या दोन्ही बाजूंना तांबं-ॲल्युमिनियमचा थर असतो, दुसरीवर प्लॅस्टिक आणि तिसरीपुढे उघडी खिडकी. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर जास्त ऊर्जेचे गॅमा. धातूखालचा आकडा खूप कमी आणि उघड्या खिडकीचा खूप जास्त आला तर निदानाच्या एक्स-रेची ऊर्जा. या गुणोत्तरावरूनच प्रयोगशाळा योग्य गुणक लावते. त्यामुळे कार्ड होल्डरमध्ये उलटं किंवा सरकून बसलं असेल तर सगळा हिशोब बिघडतो. कार्डाच्या एका टोकाला खाच असते ती यासाठीच. नवं कार्ड आलं की ते खाचेनुसार होल्डरमध्ये नीट बसलंय ना, हे चौघांनीही बघा.

आता तुमच्या सेंटरवर या तीन गोष्टी तपासा. एक, तुमचा ॲप्रन किंवा कोट एक्स-रे खोलीतल्याच खुंटीवर असतो का, आणि बॅज त्यालाच अडकवलेला राहतो का? तसं असेल तर दिवसभराच्या सगळ्या एक्सपोजरचे विखुरलेले किरण तुम्ही खोलीत नसतानाही त्यावर पडतात. जास्त आकड्यामागे हेच कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं. दोन, बॅज लेड ॲप्रनच्या आत, छातीवर लावता ना? तुमच्याच बॅजची क्लिप तुटली म्हणून तो ॲप्रनवर लावला जात असेल तर फरक पडणारच. तीन, कंट्रोल बॅज कुठे ठेवलाय?

हा तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तो तुमच्या ३.८ पेक्षा बाकीच्यांच्या शून्याबद्दल बोलतो. कंट्रोल बॅजवर नैसर्गिक पार्श्वभूमी आणि प्रवासातली मात्रा नोंदली जाते, आणि ती प्रत्येकाच्या आकड्यातून वजा होते. ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्ट धरले तर तीन महिन्यांत सुमारे ०.२ मिलिसिव्हर्ट. हा बॅज जर एक्स-रे खोलीच्या कपाटात किंवा कन्सोलच्या ड्रॉवरमध्ये पडून असेल, तर त्यावर जास्त मात्रा चढते आणि ती सगळ्यांच्या खात्यातून कापली जाते. मग खरंच काही मिळालेल्या माणसालाही शून्य दिसतं. कंट्रोल बॅज रिसेप्शनजवळच्या किंवा दूरच्या खोलीत, किरणं अजिबात नसलेल्या जागी ठेवा.

एकदा वाचलेली चकती परत वाचता येत नाही. तापवताना साठा रिकामा होतो. पण वाचताना निघालेला ग्लो कर्व्ह (तापवताना प्रकाश कसा बदलला त्याचा आलेख) नोंदलेला असतो. तुमच्या आरएसओंमार्फत (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) तीनही चकत्यांचे आकडे आणि ग्लो कर्व्ह मागवा. वक्राचा आकार नेहमीसारखा असेल आणि गुणोत्तर एक्स-रेचं असेल तर किरणं बॅजवर खरंच पडली, फक्त तुमच्या अंगावर पडली का हे वेगळं शोधायचं. वक्र वेडावाकडा असेल तर चकतीवर मळ, शाई किंवा डिटर्जंट असण्याची शक्यता आहे. बॅज खिशात राहून कपड्यांबरोबर धुतला गेला, तर पाण्याने मात्रा पुसली जात नाही, पण वेष्टनाचा कागद फाटतो आणि चकती मळते. असं झालं तर लपवू नका, लगेच कळवा. बॅज उन्हातही टाकू नका, कारण अतिनील प्रकाशाचा या फॉस्फरवर परिणाम होतो.

एका कालावधीत १० मिलिसिव्हर्टच्या वर आकडा गेला की रीतसर चौकशी होते आणि लेखी उत्तर द्यावं लागतं. ३.८ साठी तशी वेळ येणार नाही, पण कारण नोंदवून ठेवा.

प्रश्न: कॅथ लॅबमध्ये ॲप्रनच्या आत एक आणि कॉलरवर एक असे दोन बॅज लावायला सांगितले आहेत. दोन्हींची बेरीज करायची का?
*(नर्स, डेक्कन)*

बेरीज अजिबात नाही. आतला बॅज ॲप्रनखालच्या अवयवांबद्दल सांगतो आणि कॉलरवरचा डोकं, मान आणि डोळ्यांबद्दल. दोन्ही मिळून संपूर्ण शरीराची परिणामी मात्रा काढण्यासाठी अमेरिकेच्या एनसीआरपी या किरणोत्सार संरक्षण परिषदेच्या अहवाल क्रमांक १२२ मधलं सूत्र बरंच वापरलं जातं: आतल्या आकड्याचे ०.५ पट अधिक बाहेरच्या आकड्याचे ०.०२५ पट. समजा आत ०.३ आणि कॉलरवर ६ मिलिसिव्हर्ट आले. ०.१५ अधिक ०.१५, म्हणजे ०.३ मिलिसिव्हर्ट. तुमच्या अधिकृत नोंदीत कुठला आकडा जातो हे आरएसओंना विचारा. पण कॉलरचा ६ हा आकडा बघून सोडून देऊ नका. डोळ्याच्या भिंगासाठी तोच सगळ्यात जवळचा अंदाज आहे. तो सतत वाढत असेल तर शिशाच्या काचेचा चष्मा आणि छताला टांगलेला पडदा नीट वापरला जातोय का ते बघायला हवं.

आणि हो, दोन्ही बॅजची अदलाबदल होऊ देऊ नका. एकदा अदलाबदल झाली की वर्षभराच्या नोंदी निरर्थक होतात. वेष्टनावर मोठ्या अक्षरात ‘आत’ आणि ‘कॉलर’ लिहिणं हा सोपा उपाय.

प्रश्न: कास्टिंगची रेडिओग्राफी करतो, इरिडियमचा कॅमेरा आहे. बॅजचा रिपोर्ट तीन महिन्यांनी येतो. तोवर काही झालं तर बॅजचा उपयोग काय?
*(भोसरी)*

त्या क्षणी काहीच नाही, आणि हे कामावरच्या प्रत्येकाला स्पष्ट माहीत असलं पाहिजे. ३० क्युरीच्या इरिडियम-१९२ सोर्सपासून एक मीटरवर ताशी सुमारे १५० मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे वर्षाचे २० मिलिसिव्हर्ट आठ मिनिटांत. ३० सेमीवर तेच अंतर-वर्गाच्या नियमाने अकरापट होतात आणि २० मिलिसिव्हर्टला पाऊण मिनिटही लागत नाही. गाईड ट्यूबचं (सोर्स कॅमेऱ्यातून बाहेर नेणाऱ्या नळीचं) टोक हातात धरलं तर बोटांना मिळणारी मात्रा काही सेकंदांत जखम करण्याइतकी असते. एवढ्या वेळात वाचवणारी साधनं दोनच: हातातला सर्व्हे मीटर आणि अंगावरचा आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर.

प्रत्येक एक्सपोजरनंतर, अगदी प्रत्येक, सोर्स परत ओढला की सर्व्हे मीटर चालू ठेवूनच कॅमेऱ्याकडे मागच्या बाजूने जा. आधी कॅमेऱ्याचा पृष्ठभाग, मग गाईड ट्यूब, शेवटी तिचं टोक असं तपासा. क्रँकचे फेरे मोजून सोर्स आत आला असं गृहीत धरू नका. पिगटेल (सोर्स बसवलेला तारेचा तुकडा) ड्राइव्ह केबलपासून सुटला असेल तर केबल पूर्ण आत येते आणि सोर्स ट्यूबमध्येच राहतो. इरिडियमचं अर्धायुष्य ७४ दिवसांचं. त्यामुळे जुन्या सोर्सवर सवयीचा झालेला काटा नवा सोर्स आल्यावर खूप वर जातो, तेही लक्षात ठेवा.

इलेक्ट्रॉनिक डोसिमीटरमध्ये बहुधा सिलिकॉनचा डायोड असतो. तो एकेक फोटॉनचा ठोका मोजतो. इरिडियमसारख्या सतत किरणं देणाऱ्या सोर्ससाठी हे चांगलं. पण पल्समध्ये येणाऱ्या एक्स-रेसाठी याच्या भरवशावर राहू नका. लिनॅकचा (रेडिओथेरपीतल्या रेषीय त्वरकाचा) पल्स काही मायक्रोसेकंदांचा असतो, त्यात हजार फोटॉन आले तरी डायोडला एकच ठोका दिसतो, आणि आकडा भयंकर कमी येतो. तिथे साठवून ठेवणारी चकतीच खरी. मोबाईल डोसिमीटरच्याच खिशात ठेवू नका. काही जुन्या मॉडेलमध्ये फोनच्या लहरींनी खोटे ठोके येतात.

प्रश्न: घराजवळ मोबाईल टॉवर आहे. टीएलडी बॅज विकत घेऊन गॅलरीत लावला तर रेडिएशन कळेल का?
*(सिंहगड रस्ता)*

नाही. या चकत्यांना अणूतून इलेक्ट्रॉन सोडवू शकणारी किरणंच कळतात: एक्स-रे, गॅमा, बीटा. मोबाईलच्या लहरींच्या फोटॉनमध्ये तेवढी ऊर्जा नसते. गॅलरीतल्या बॅजवर फक्त जमिनीतून आणि आकाशातून येणारी नैसर्गिक पार्श्वभूमी नोंदली जाईल. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ग्रॅनाइटपेक्षा कमी असतं, त्यामुळे ती पुण्यात तशी कमीच भरेल. टॉवरसाठी रेडिओ लहरींची तीव्रता मोजणारा वेगळा मीटर लागतो.

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी लिथियम फ्लोराइडच्या १०० चिप मिळाल्या आहेत. सगळ्यांना १ ग्रे (शोषलेल्या मात्रेचं एकक) देऊन वाचल्या तर आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत फरक पडतो. रीडर बिघडलाय की चिप?
*(गणेशखिंड)*

बहुधा दोन्ही ठीक आहेत. मॅग्नेशियम आणि टायटॅनियम मिसळलेल्या लिथियम फ्लोराइडच्या नव्या बॅचमध्ये चिप-चिपमध्ये १५ टक्क्यांचा फरक हा विक्रीच्या अटींतच बसतो. तो काढून टाकायचं काम तुमचं. ते नीट केलं तर २ ते ३ टक्क्यांपर्यंत पोचता येतं.

सुरुवात भट्टीपासून करा, कारण खरी गोम तिथेच आहे. चिप ४०० अंशांवर १ तास, मग १०० अंशांवर २ तास. यातलं तापमान सगळे पाळतात. मधलं थंड होणं मात्र कोणी बघत नाही. ४०० वरून किती वेगाने थंड झालं यावर सापळ्यांची, म्हणजे इलेक्ट्रॉन अडकतात त्या दोषांची, रचना ठरते, आणि त्यावर चिपची संवेदनशीलता. एकदा ट्रे भट्टीतच ठेवून थंड केला आणि पुढच्या वेळी बाहेर काढून फरशीवर ठेवला, तर दोन्ही वेळचे आकडे जुळणार नाहीत. एक पद्धत ठरवा, उदाहरणार्थ ट्रे बाहेर काढून जाड ॲल्युमिनियमच्या पाटावर ठेवायचा, आणि प्रकल्प संपेपर्यंत तीच वापरा. ट्रेच्या प्रत्येक खाचेवर नंबर कोरा. चिपवर पेन्सिलने नंबर घालू नका; ग्राफाइट तापल्यावर चिपचा प्रकाश अडवतं. भट्टीच्या डिस्प्लेवर न जाता थर्मोकपल थेट ट्रेला लावून तापमान बघा. छोट्या मफल भट्टीत दार आणि मागची भिंत यांत सहज १५-२० अंशांचा फरक निघतो.

हाताळायला व्हॅक्यूम चिमटा. साधा स्टीलचा चिमटा वापरलात तर कडा तुटतात. चिप ३.२ मिमी चौरस, ०.९ मिमी जाड, वजन जेमतेम २३-२५ मिग्रॅ. १ मिग्रॅचा टवका उडाला की ४ टक्के गेले. ०.१ मिग्रॅ अचूकतेच्या काट्यावर सगळ्या चिप एकदा तोलून घ्या. त्यात हलक्या निघालेल्या चिप बाजूला ठेवल्या की बरीच डोकेदुखी कमी होते. बोटाने धरलेल्या चिपवरचं तेल तापून जो प्रकाश देतं तो ग्लो कर्व्हच्या शेवटी, जास्त तापमानाला, शेपटीसारखा दिसतो. तशी चिप मेथॅनॉलमध्ये धुऊन घ्या.

किरणं देताना १०० चिप दहा गुणिले दहाच्या ॲक्रिलिकच्या ट्रेमध्ये ठेवा. ६ एमव्हीच्या (मेगाव्होल्टच्या) बीमसाठी वर किमान १.५ सेमी आणि खाली १० सेमी पाण्यासारखा पदार्थ हवा. फील्ड २० गुणिले २० सेमीचं घ्या आणि चिप मधल्या भागातच राहू द्या. बीम फ्लॅटनिंग फिल्टर असलेला हवा. फिल्टरशिवायचा बीम मध्यभागी जास्त आणि कडेला कमी असतो. मग बीमचा आकार तुम्हाला चिपमधला फरक वाटेल.

लगेच वाचू नका. या पदार्थाच्या ग्लो कर्व्हमध्ये पाच मुख्य शिखरं आहेत. पहिल्याचं अर्धायुष्य काही मिनिटांचं, दुसऱ्याचं सुमारे १० तास, तिसऱ्याचं सहा महिने, चौथ्याचं सात वर्षं आणि पाचव्याचं ८० वर्षांच्या घरात. पहिली चिप दहा मिनिटांनी आणि शंभरावी तीन तासांनी वाचली, तर पहिली दोन शिखरं दोघींत वेगवेगळी उरतात. तुमच्या १५ टक्क्यांतले काही टक्के नक्की इथून आलेत. २४ तास थांबा, १०० अंशांवर १० मिनिटं तापवून लहान शिखरं काढून टाका, मग वाचा. रीडरमधून नायट्रोजन वाहता ठेवा. तो नसेल तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिपच्या पृष्ठभागावर मात्रेशी संबंध नसलेला प्रकाश निघतो, आणि कमी मात्रेला तोच मोठा ठरतो. प्रत्येक दहा चिपनंतर रीडरमधला प्रमाणित प्रकाशस्रोत वाचून नोंदवा. दुपारी खोली तापली की फोटोमल्टिप्लायरचा (प्रकाश मोजणाऱ्या नळीचा) आकडा सरकतो. एसी बंद असलेल्या प्रयोगशाळेत तर हमखास.

आता गुणक. समजा १०० चिपची सरासरी ४२.० एककं आणि २७ नंबरची चिप ३८.२ देते. तिचा गुणक ४२.० भागिले ३८.२, म्हणजे १.१०. हाच प्रयोग तीनदा करा. ज्या चिपचा गुणक तीन वेळांत ३ टक्क्यांपेक्षा जास्त हलतो ती काढून टाका. तिच्या प्रेमात पडू नका. पुढे अज्ञात मात्रेला २७ नंबरने ५१.३ दिले आणि रिकामं वाचन ०.४ असेल, तर ५०.९ गुणिले १.१० म्हणजे ५६.० एककं. ४२.० ला १ ग्रे, म्हणून १.३३ ग्रे. मात्र १ ग्रेच्या वर हा पदार्थ मात्रेपेक्षा जास्त वेगाने प्रकाश देऊ लागतो, त्यामुळे या १.३३ मधून थोडं कमी करावं लागेल. किती, ते ०.५, १, १.५ आणि २ ग्रे देऊन स्वतःचा आलेख काढून ठरवा. छापील आलेख दुसऱ्याच्या बॅचचा आणि दुसऱ्याच्या रीडरचा असतो.

आणि गाइडांनी तांबं-फॉस्फरस मिसळलेलं लिथियम फ्लोराइड आणून दिलं तर हीच भट्टी वापरू नका. ते पंचवीसेकपट संवेदनशील आहे, पण २४० अंशांच्या वर गेलं की ती संवेदनशीलता कायमची खालावते. त्याला २४० वर १० मिनिटं, बस.

प्रश्न: रेडिओथेरपी विभागात प्रशिक्षण घेते. रुग्णाच्या अंगावर मात्रा मोजायला डायोड, मॉसफेट आणि नॅनोडॉट असे तिन्ही पर्याय आहेत. कोणता कधी?
*(प्रशिक्षणार्थी वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ)*

आकडा आत्ता, उपचार चालू असताना हवा असेल तर डायोड. तापमान मात्र सांभाळा. २२ अंशांच्या खोलीतला डायोड त्वचेवर ठेवला की काही मिनिटांत ३२ पर्यंत जातो, आणि अंशाला ०.३ टक्के धरले तरी ३ टक्क्यांचा फरक पडतो. चिकटवून तीन-चार मिनिटं थांबून मगच बीम द्या, आणि गुणकही त्याच तापमानाचा वापरा.

मॉसफेटमध्ये सिलिकॉन डायऑक्साइडच्या थरात धन प्रभार अडकतात आणि ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारा व्होल्टेज सरकतो. साधारण बायसला (बाहेरून लावलेल्या व्होल्टेजला) सेंटिग्रेला १ मिलिव्होल्ट, जास्त बायसला ३ च्या आसपास. एकूण २० व्होल्ट सरकल्यावर तो संपतो. हिशोब करा: जास्त बायसवर २ ग्रेला ६०० मिलिव्होल्ट, म्हणजे तेहतीसेक वापर. लहान आकारामुळे अरुंद जागी तो उत्तम. बीम संपल्यावर वाचन नेहमी ठरलेल्या वेळाने घ्या, कारण व्होल्टेज थोडा वेळ हलत राहतो.

नॅनोडॉटमध्ये कार्बन मिसळलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची ५ मिमीची चकती प्रकाशबंद डबीत असते. ती हिरव्या प्रकाशाने वाचतात आणि निळा प्रकाश मोजतात. एका वाचनात साठ्याचा ०.०५ टक्क्यांच्या आसपासच भाग जातो, त्यामुळे शंका आली तर परत वाचता येते. संपूर्ण शरीराला किरणं देताना दहा-बारा जागी लावायला मी हाच पर्याय निवडेन: वायर नाही, रुग्ण हलला तरी चालतं. बीमनंतर किमान दहा मिनिटं थांबून वाचा, कारण सुरुवातीचा क्षणिक भाग विझायला तेवढा वेळ लागतो. डबी प्रकाशात उघडली गेली तर ते वाचन गेलंच समजा. एकूण मात्रा १० ग्रेच्या पुढे गेलेले डॉट बाजूला काढा.

तिन्हींत होणारी चूक एकच. ६ एमव्हीची सर्वाधिक मात्रा १.५ सेमी खोलीवर असते आणि पृष्ठभागावर तिचा लहानसा भागच मिळतो. उघडा डॉट त्वचेवर ठेवून ‘४० टक्केच मात्रा मिळाली’ असं म्हणून घबराट करू नका. त्वचेची मात्रा मोजायची असेल तर उघडा, दिलेली मात्रा तपासायची असेल तर वर योग्य जाडीचा बिल्डअप, म्हणजे पाण्यासारख्या पदार्थाचा थर. नोंदवहीत कुठला वापरला ते लिहाच.

प्रश्न: बीपीडब्ल्यू-३४ फोटोडायोड वापरून गॅमा डिटेक्टर बनवला. मिनिटाला दोनशे ठोके येतात! घरात रेडिएशन आहे का?
*(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धनकवडी)*

नाही, तुमच्या सर्किटमध्ये गोंगाट आहे. हिशोबच पाहा. या डायोडचा पृष्ठभाग ७.५ चौरस मिमी. ९ व्होल्टच्या उलट्या बायसला त्यातला उपयोगी थर सुमारे ५० मायक्रॉनचा. सीझियमच्या ऊर्जेचा गॅमा त्यातून जाताना हजारात एखाद्या वेळेसच काही देऊन जातो. नैसर्गिक पार्श्वभूमीत एका डायोडला तासाला मोजकेच ठोके अपेक्षित आहेत. मिनिटाला दोनशे म्हणजे प्रकाश, कंप किंवा बाहेरची विद्युत लहर.

आधी प्रकाश. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हा डायोड पारदर्शक आणि काळा अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. काळा घेतला तरी तो अवरक्त प्रकाश आत सोडतो, म्हणून काळी टेप आणि ॲल्युमिनियमची फॉइल लागतेच. पूर्ण झाकून टॉर्च मारा. ठोके वाढले तर फट आहे. मग टेबलावर बोटाने टिचकी द्या. ठोके आले तर कंप: फॉइल डायोडच्या जवळ हलते आणि तिची धारिता बदलते. फॉइल घट्ट चिकटवा, डबा फोमवर ठेवा. सर्किट पत्र्याच्या बंद डब्यात, डबा ग्राउंडला, वीजपुरवठा ९ व्होल्टच्या बॅटरीचा. मोबाईलचा चार्जर वापरलात तर त्याचाच गोंगाट मोजाल.

आता खरी चाचणी. किरणोत्सारी सोर्स शोधत फिरू नका. परवानगीशिवाय तो ठेवता येत नाही, आणि धूर ओळखणारं यंत्र फोडणं तर अजिबातच नको. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-छिद्र जोडी बनायला ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे साधारण १६,७०० इलेक्ट्रॉन, म्हणजे २.७ फेम्टोकूलॉम. हा प्रभार कृत्रिमरीत्या घालता येतो. आर्डुइनोचा ५ व्होल्टचा चौकोनी पल्स १८० किलोओम आणि १०० ओमच्या विभाजकातून न्या, २.८ मिलिव्होल्ट मिळतात. ते १ पिकोफॅरडच्या कपॅसिटरमधून ॲम्प्लिफायरच्या इनपुटला द्या. २.८ फेम्टोकूलॉम, म्हणजे ६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा ठोका हजर. पहिल्या टप्प्यात १ पिकोफॅरड आणि १० मेगाओमचा फीडबॅक असेल तर साधारण २.८ मिलिव्होल्टचा, १० मायक्रोसेकंदांत उतरणारा पल्स दिसायला हवा. दुसऱ्या टप्प्यात शंभरपट करा आणि कंपॅरेटरची पातळी गोंगाटाच्या पाचपट वर ठेवा.

हे ब्रेडबोर्डवर कधीच जमणार नाही. त्याच्या शेजारच्या दोन रांगांतच काही पिकोफॅरड असतात, तिथे तुमचा १ पिकोफॅरड हरवून जातो. डायोड, जेफेट इनपुटचा ऑपॲम्प आणि फीडबॅकचे दोन भाग पीसीबीवर किंवा हवेतच, अगदी आखूड तारांनी सोल्डर करा. फ्लक्सचे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यांतून गळणारा प्रवाह १० मेगाओमला भारी पडतो.

दहा डायोड समांतर जोडले तर ठोके दहापट होतील असं वाटतं, पण धारिताही दहापट होते आणि गोंगाट इतका वाढतो की लहान ठोके बुडून जातात. प्रत्येक डायोडला स्वतंत्र पहिला टप्पा द्या आणि कंपॅरेटरनंतर बेरीज करा. एवढं केल्यावरही तुमच्याकडे ठोके मोजणारं यंत्र असेल, मात्रा मोजणारं नाही. त्यासाठी धातूच्या फिल्टरने ऊर्जेचा प्रतिसाद सपाट करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सीझियम-१३७ वर अंशांकन करावं लागतं. त्याशिवाय पडद्यावर ‘मायक्रोसिव्हर्ट’ लिहू नका.

प्रश्न: उत्खननात मिळालेल्या खापरांचं वय याच पद्धतीने काढतात असं ऐकलं. संग्रहातली खापरं तपासायला देता येतील का?
*(इतिहासाच्या अभ्यासक, येरवडा)*

तत्त्व तेच. भाजताना ५०० अंशांच्या वर गेलेल्या मातीतल्या क्वार्ट्झचा साठा रिकामा होतो आणि त्या दिवसापासून आजूबाजूच्या मातीतली किरणं तो परत भरत जातात. साठलेली मात्रा ६ ग्रे आणि वर्षाला ३ मिलिग्रे असेल तर वय २,००० वर्षं.

अडचण भागाकारातल्या खालच्या आकड्यात असते. वर्षाची मात्रा खापर आणि त्याच्याभोवतीची सुमारे ३० सेमी माती मिळून ठरवतात. संग्रहातल्या, धुतलेल्या आणि कुठल्या थरातून आलं ते माहीत नसलेल्या खापराची ती माती कायमची गेलेली असते, त्यामुळे नेमकं वय मिळणं अवघड. नव्या उत्खननातून घेत असाल तर खापर न धुता, न वाळवता काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधा आणि शेजारची अर्धा किलो माती ओलाव्यासकट वेगळी बांधा. पाणी किरणांचा काही भाग शोषतं, म्हणून ओलाव्याची टक्केवारी हिशोबात येते. जागा राखता आली तर पहिल्या उत्तरात आलेल्या कॅल्शियम सल्फेटच्याच पुडीची बंद कुपी त्या खड्ड्यात काही महिने पुरून ठेवतात. तिच्या संवेदनशीलतेमुळे एवढ्या थोड्या काळातही वाचता येण्याजोगी मात्रा साठते.

दख्खनात आणखी एक पेच आहे. बेसॉल्टपासून झालेल्या मातीत क्वार्ट्झ फार कमी असतं. पर्यायी फेल्डस्पार, विशेषतः ज्वालामुखी खडकातला, साठवलेली मात्रा न तापवताही हळूहळू गमावतो आणि वय कमी दाखवतो. त्यामुळे कुंभाराने नदीची वाळू मिसळलेली जाड खापरं निवडा, १ सेमीपेक्षा जाड असतील तर उत्तम. प्रयोगशाळेत मंद लाल प्रकाशात बाहेरचा २ मिमी थर काढून टाकतात, आणि पातळ खापरात मग काहीच उरत नाही.

आणि तपासणीआधी खापराचा एक्स-रे काढू नका. विमानतळावरच्या सामानाच्या स्कॅनरमधूनही नेऊ नका, गाडीने पाठवा. तिथे पडलेली किरणंही त्याच साठ्यात जमा होतात आणि नंतर वेगळी काढता येत नाहीत.